ताटीबाहेर कोण उभं आहे?



आज चिंतनाला मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग घेतलेत. सकाळी नेरळला लोकलमध्ये चक्क बसायला जागा मिळाली, बदलापूर येईपर्यंत वाचून झाले. तसे ओळखीचेच अभंग, पण आज अडकलो.

प्रसंग आपल्याला माहीत आहे. विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले म्हणून आळंदीने कुटुंब वाळीत टाकलं. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. मागे चार मुलं. रूढ सनावळीप्रमाणे निवृत्तीनाथ १२७३ चे, ज्ञानदेव १२७५ चे, सोपानदेव १२७७ चे आणि मुक्ताई १२७९ ची. परंपरा सांगते, एकदा कुणाच्या तरी बोलण्याने दुखावून ज्ञानदेव आत गेले आणि ताटी लावून बसले. धाकटी बहीण बाहेरून विनवत राहिली.

आपण याला माउलींची लीला म्हणून पुढे जातो. मला तसं जमत नाही. आईबाप गेलेला, गावाने 'संन्याशाचं पोर' म्हणून हिणवलेला मुलगा दार लावून बसतो, यात न कळण्यासारखं काय आहे?

आमच्या घरी मारहाण कधी नव्हती. वडील चिडले की अबोला धरायचे, चार-चार दिवस. काय चुकलं ते मीच शोधायचं. फाटकाची कडी कशी वाजली यावरून संध्याकाळ कशी जाणार ते मला कळायचं. मग आठ वर्षांच्या पोराने त्यावर उपाय काढला: आपणच आधी गप्प व्हायचं. आमच्या धंद्यात असा जुना कोड असतो. कुणी, कशासाठी लिहिला ते आठवत नाही, पण तो चालूच असतो.

आज मी छत्तीस वर्षांचा आहे. बायकोशी जरा वाजलं की लॅपटॉप उघडतो, हेडफोन लावतो. ती एकदा म्हणाली, "भांडायचं तर भांड, पण बोल ना रे." मी बोललो नाही. आणि मागच्या महिन्यात लक्षात आलं, मी घरी आलो की मुलगी आधी माझ्या तोंडाकडे बघते आणि मग ठरवते, पळत यायचं की नाही. ते बघणं माझ्या चांगलंच ओळखीचं होतं.

म्हणून प्रश्न पडला. लहानपणी ज्याला दुखावलं, त्याला दार लावून घ्यायचा हक्क आहे का?

मुक्ताई सांगते की जग आगीसारखं पेटलं तरी संताने पाणी व्हावं. याच उपदेशाचा आपण फार गैरवापर करतो. ज्यांना काही सोसावं लागलं नाही तेच म्हणतात, "सोडून दे, मोठ्या मनाने माफ कर." मुक्ताईचं तसं नव्हतं. आईबाप तिचेही गेले होते, वाळीत तीही होती. म्हणून तिला बोलायचा अधिकार.

आणि मला आज प्रथमच दिसलं ते हे. ताटीबाहेर आळंदीचे लोक उभे नव्हते. टोचून बोलणारा केव्हाच निघून गेला होता. बाहेर होती ती मुक्ताई, जिने काहीच केलं नव्हतं. दार बंद होतं त्याची शिक्षा तिलाच होत होती. टोचणाऱ्याला क्षमा करायची की नाही, हे ज्याचं त्याने, ज्याच्या त्याच्या वेळेने ठरवावं. पण मुक्ताईला तिष्ठत ठेवायचा हक्क जखमेने मिळतो असं मला वाटत नाही.

आमच्याकडे वाड्यांवर अजून कारवीच्या कुडाची घरं दिसतात. ताटीही तशीच, काटक्या-कामट्यांची. तिच्यातून आवाज आत जातो. मुक्ताईने ती मोडलीही नसती का? पण तिने मोडली नाही. उघडायचं काम आतल्याचं, ते तिने त्याच्यावरच सोडलं.

सध्या शनिवारी एका समुपदेशकांकडे जातो. हरिपाठ करणाऱ्याला याची काय गरज, असं एका मित्राने विचारलं. मला दोन्ही लागतात.

परवा पुन्हा वाद झाला. हेडफोन हातात घेतले होते, ते खाली ठेवले. शब्द सुचेनात. "दहा मिनिटं दे, येतो," एवढंच म्हणालो. पंचवीस लागली. पण गेलो.

वडिलांशी अजून जमलेलं नाही.

राम कृष्ण हरी.