निकाल लावायला तुम्ही कोण?

"त्या नन्स नरकात सडत असतील." बोललं एकच जण, पण माना सगळ्यांनी डोलावल्या. म्हणून सगळ्यांनीच ऐका.

टूअमबद्दल तुम्हाला राग आला. यायलाच हवा. आयर्लंडमधल्या गॉलवे काउंटीतल्या त्या गावात 1925 ते 1961 या काळात बॉन सेकूर नन्स अविवाहित मातांचं आणि त्यांच्या बाळांचं घर चालवत होत्या. कॅथरीन कॉर्लेस या तिथल्याच बाईंनी एकेक दाखला काढून 796 मुलांच्या मृत्यूंची यादी केली. पुरल्याची नोंद जवळजवळ कुणाचीच मिळाली नाही. 2017 साली जमिनीखालच्या कप्प्यांत तान्ह्या मुलांचे अवशेष सापडले. हे अमानुष होतं. मी तसं म्हणते, तुम्हीही मोठ्यानं म्हणा. न्याय करू नका असं प्रभूनं सांगितलं, त्याचा अर्थ तोंड मिटून बसा असा होत नाही.

पण कृत्याला अमानुष म्हणणं वेगळं आणि माणसाला नरकात ढकलणं वेगळं. शिकवलंय ना तुम्हाला? पाप आत्म्याला मारणारं ठरायला तीन गोष्टी लागतात. बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी आणि मनापासूनची संमती हवी. पहिली बाहेरून दिसते. उरलेल्या दोन कुणाच्या काळजात शिरून तपासल्यात तुम्ही? कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला 1861 वा परिच्छेद हेच सांगतो आणि तो याच वर्गात वाचून घेतलाय. ख्रिस्तसभा संतांची नावं जाहीर करते. अमुक माणूस नरकात गेला असं तिनं आजवर एकाबद्दलही जाहीर केलेलं नाही, यहुदाबद्दलसुद्धा नाही. आणि तुम्ही उठलात ते थेट निकाल देऊन मोकळे!

टूअमचं मूळ दुखणं नेमकं हेच होतं, हे तुमच्या लक्षात कसं येत नाही? मुलगी गरोदर राहिली की गाव आधी तिच्या आत्म्याचा निकाल लावायचं, आणि पोटातलं पोरही त्याच निकालात ओढलं जायचं. बापाला कुणी जाब विचारत नसे. एकदा माणूस वाया गेलेला ठरला की त्याच्याशी कसंही वागायला मोकळीक मिळते. अशा घरांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल 2021 मध्ये आला. त्यानं तपासलेल्या 18 संस्थांत मिळून सुमारे 9,000 मुलं दगावली होती.

हे फक्त मोठ्यांपुरतं नव्हतं. शाळेत त्या घरातल्या मुलांना वेगळं बसवत. कॉर्लेसबाईंनी स्वतः सांगितलंय, की लहानपणी दुसऱ्या मुलीचं बघून त्यांनी त्यांतल्या एकीला गोळीचा नुसता कागद गुंडाळून दिला होता. ते त्यांना पुढे कायम डाचत राहिलं. तुमच्याच वयाच्या आतबाहेरची पोरं होती ती, आणि निकाल घरातून ऐकून आली होती.

आपल्या पॅरिशमध्ये बाळाला घेऊन एकटी मिस्सेला येणारी मुलगी आहे. तिच्याबद्दल तुमच्यातल्या दोघी जिन्यात काय बोलत होत्या, तेही माझ्या कानावर आलंय. त्या दोघींनी पुढच्या रविवारी तिच्या बाकावर बसायचं. बाळ रडलं तर आळीपाळीनं बाहेर न्यायचं, म्हणजे तिला मिस्सा नीट ऐकता येईल. तिला काही विचारायचं नाही. काढा आता वह्या.