रापणीतले मासे

गालील समुद्र हा नावापुरताच समुद्र. प्रत्यक्षात ते सुमारे २१ किलोमीटर लांबीचे गोड्या पाण्याचे सरोवर. शुभवर्तमानात तेथील मासेमारीच्या निरनिराळ्या रीती दिसतात. शिमोन व अंद्रिया पाग टाकीत होते. कराच्या नाण्यासाठी पेत्राला गळ टाकावयास सांगण्यात आले. मत्तयाच्या १३व्या अध्यायातील दाखल्यातले जाळे मात्र आपल्या कोळीवाड्याला रापणीचीच आठवण देते.

गळाला आमिष लागते. पागाला नेमकी जागा हेरावी लागते. रापण निवड जाणत नाही. वाटेतले सारे ती ओढून आणते. त्या सरोवरात खवले नसलेला एक मिशाळ मासा आढळतो. लेवीय ग्रंथाच्या ११व्या अध्यायानुसार तो यहुद्यांना निषिद्ध. (खवले नसणे हा त्या बिचाऱ्याचा अपराध थोडाच!)

दाखल्यात निवाडा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तो जाळे भरल्यावर, किनाऱ्यावर, आणि देवदूतांच्या हाती. आपण जाळे पाण्यात असतानाच निवडू लागतो: दारूच्या आहारी गेलेला शेजारी, मिस्सेला न येणारा भाऊ, चर्चबाहेर लग्न केलेली मुलगी. रापणीचे दोर अनेक हात मिळून ओढतात; मध्येच कुणी दोर सोडून मासे निवडू लागला, तर जाळे सैल पडून बरेवाईट सारेच निसटतात.

मग विवेक सोडावा काय? मुळीच नाही. चुकीला चूक म्हणणे कधी कधी कर्तव्यच ठरते. पण म्हणून नाताळच्या जेवणाला त्या मुलीचे पान मांडू नये, असे दाखल्यात आम्हांला कोठे आढळले नाही.