खाडीची साक्ष

२०१६ साली मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांवर आणि सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसवली. मधल्या काळात, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात, तारापूर देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत पहिलं आलं होतं. वर्तमानपत्रांनी भरपाईचे कोटींचे आकडे छापले. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की पाणी बिघडल्याची फिर्याद त्या पाण्यावर जगणाऱ्यांनीच केली.

तारापूरजवळच्या पाम, टेंभी, कुंभवली, नवापूर, दांडी, आलेवाडी या गावांतल्या माणसांना खाडी किती बारकाईने ठाऊक असते, हे बाहेरच्याला सहज कळत नाही. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ तासांत येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे गणित आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलंय. त्याचा प्रदूषणाशी थेट संबंध आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्राचं पाणी खाडीत खूप आत शिरतं आणि कारखान्यांच्या नाल्यातून आलेलं सगळं पातळ करून टाकतं. अष्टमीच्या भांगेला, म्हणजे भरती सर्वांत कमी असते तेव्हा, ओहोटी लागल्यावर खाडीत उरतं ते बरंचसं नाल्याचंच पाणी. एकाच जागेवरून घेतलेले दोन नमुने दोन वेगळ्या खाड्यांचे वाटावेत इतका फरक त्यांत पडू शकतो. म्हणून नमुना कोणत्या तिथीला आणि भरतीच्या कोणत्या टप्प्यावर घ्यायचा, हे ठरवताना मच्छीमार शेजारी उभा असला पाहिजे. चिखलात उतरून कालवं आणि निवट्या गोळा करणाऱ्या बायकाही असल्या पाहिजेत. गाळ कुठे घट्ट होता आणि आता कुठे बुळबुळीत झालाय, हे त्यांच्या पायांना कळतं. तिवर कुठे आपोआप रुजतं आणि कुठे लावलेली रोपं पहिल्याच पावसाळ्यात वाहून जातील, हेही त्याच सांगू शकतात.

किनाऱ्याचं ज्ञान किनाऱ्यावरच संपत नाही, आणि इथे आपण फार कमी पडलो आहोत. सूर्या नदी वैतरणेला मिळते, वैतरणा समुद्राला. धामणीचं धरण डहाणू-पालघरच्या आदिवासी शेतीसाठी म्हणून बांधलं गेलं. पुढे त्यातलं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे वळवलं गेलं. वरच्या वारल्याला आणि मल्हार कोळ्याला नदीचा प्रवाह कधी आणि किती आटला हे माहीत असतं. पावसाच्या गोड्या पाण्याबरोबर खाडीत चढणारी मासळी कमी झाली हे खालच्या मांगेल्याला दिसतं. एकाच नदीची ही दोन टोकं आहेत. पण त्यांच्या तक्रारी दोन वेगळ्या खात्यांत, दोन वेगळ्या फायलींत पडून राहतात. त्या माणसांनी एकत्र बसून वर्षभराची नोंद ठेवली, तर खाडी सुधारण्याचा आराखडा निम्मा तिथेच तयार होईल.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्विनोमिश लोकांनी २०२२ मध्ये किनाऱ्यावर दगडांचा बांध रचून शिंपल्यांची बाग उभारली. कॅनडाच्या बाजूच्या मूलनिवासींकडे ही रीत हजारो वर्षांची आहे. सीमेपलीकडच्या बांधवांकडून ती शिकून त्यांनी ती आपल्या पाण्यात उतरवली. आपल्याकडे सातपाटीच्या मच्छीमारांनी बारीक पापलेट मारू नका असा आग्रह वर्षानुवर्षं धरला. सरकारने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा केलं आणि त्याच वर्षी अनेक जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. बारीक मासा निसटून जावा म्हणून जाळ्याचा आस, म्हणजे जाळीचं भोक, किती असावा, हे जाळं विणणाऱ्याला आधीच माहीत होतं.

पण सल्ला मानणं वेगळं आणि हक्क देणं वेगळं. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांना तिथल्या पाण्यातल्या मासळीवरही सामूहिक हक्क दिला. समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यावर मच्छीमार गावांना असा हक्क देणारा कायदा अजून नाही. त्यामुळे वाढवण बंदरासारखा निर्णय होतो तेव्हा त्यांच्या हाती विरोध, मोर्चा आणि कोर्ट एवढंच उरतं. मांगेला परिषदेला न्यायासाठी सहा वर्षं वाट पाहावी लागली. गावाच्या खाडीवर ग्रामसभेचा हक्क असता, तर पहिल्या काळ्या पाण्यालाच सांडपाण्याची नळी बंद करा म्हणून सांगता आलं असतं. हा कायदा मागायला वारली आणि मांगेला, दोघांनी एकत्र उभं राहायला हवं.