तारेच्या दुसऱ्या टोकाला



आटपाडी तालुक्यातील कितीतरी घरांतली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. सोने-चांदी वितळवून शुद्ध करणाऱ्या या कारागिरांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही. माल भट्टीत गेला की घट ही येणारच. म्हणून आधी घट धरायची आणि मग हिशेब करायचा. ऊर्जेचेही तसेच आहे. कोळशाची, पेट्रोलची शक्ती एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना दर वेळी थोडी घटते. गाडी घेताना मात्र ही घट आपण विचारात घेत नाही. एका लिटरला किती किलोमीटर, एवढे विचारले की आपला हिशेब संपतो.

अलीकडे हायब्रिड गाड्यांचे नाव बरेच ऐकू येते. अशा गाडीत पेट्रोलच्या इंजिनाला विजेच्या मोटरची आणि छोट्या बॅटरीची जोड असते. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरी साठवते आणि ती पुढे कामी येते. तरीही गाडीची सगळी शक्ती मुळात पेट्रोलचीच, कारण साध्या हायब्रिडला बाहेरून वीज देता येत नाही. तिच्यात मोठी बॅटरी बसवून घरच्या प्लगवर ती चार्ज करण्याची सोय केली, तर ती ‘प्लग-इन’ हायब्रिड होते. २००४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ‘कॅलकार्स’ नावाच्या गटाने टोयोटाच्या प्रियस गाडीत असा बदल करून दाखवला. आपल्याकडे २०१० साली पुण्याच्या केपीआयटी कंपनीने भारत फोर्जच्या भागीदारीत ‘रेव्होलो’ हा संच जाहीर केला. तो साध्या पेट्रोल गाडीलाच प्लग-इन हायब्रिड बनवणारा होता. इंधनात चाळीस टक्के फायदा होईल, असे कंपनीचे म्हणणे होते. वापरातल्या गाड्यांमध्ये असे संच बसवण्याचे केंद्र सरकारचे नियम २०१६ मध्ये आले. पण रेव्होलो गावोगावच्या गाड्यांपर्यंत काही पोहोचला नाही.

यामागचा विचार चांगलाच आहे. चालती वस्तू मोडीत न काढता तिच्यात सुधारणा करायची, हा तर आपल्या आजी-आजोबांचा संस्कार. तरीही एक प्रश्न उरतो. अशा बदलाने खरोखर बचत होते, की आपला खर्च आपण दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवतो?

साधा हिशेब करून पाहू. चांगली हायब्रिड गाडी लिटरमागे वीस किलोमीटर चालते असे धरू. म्हणजे शंभर किलोमीटरला पाच लिटर पेट्रोल लागेल. एका लिटरमध्ये सुमारे ९ युनिट उष्णता असते. म्हणजे ४५ युनिट खर्ची पडले. तेच अंतर विजेवर कापायचे तर प्लगमधून साधारण १८ युनिट घ्यावे लागतात. पंचेचाळीसच्या जागी अठरा! येथे थांबलो तर बचत डोळे दिपवणारी आहे.

पण येथे थांबता येत नाही, कारण वीज प्लगमध्ये तयार होत नाही. तारांमधली गळती धरली तर आपल्या १८ युनिटसाठी केंद्रातून सुमारे २१ युनिट निघावे लागतात. कोळशाच्या केंद्रात जळालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच वीज होते, बाकीची हवेत आणि पाण्यात जाते. म्हणजे २१ युनिटसाठी साठहून अधिक युनिट उष्णता जाळावी लागली. पेट्रोल शुद्ध करण्याचा आणि वाहून आणण्याचा खर्च पंचेचाळिसात मिळवला, तर दोन्ही पारडी जवळपास सारखी होतात. कार्बन वायूचेही तेच. पाच लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे साडेअकरा किलो वायू निघतो. आपल्या देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास निघतो. २१ युनिटचे झाले जवळजवळ पंधरा किलो! गाडीच्या मागे धूर दिसत नाही, एवढ्यावरून तो नाहीसा झाला असे नाही. त्याने फक्त जागा बदलली.

ती जागा कोणती? आपल्या दिव्यातली वीज कोणत्या केंद्राची, हे तारेवर लिहिलेले नसते. तरी महाराष्ट्राच्या विजेतला मोठा वाटा कोळशाचा आहे आणि चंद्रपूरचे औष्णिक केंद्र, २९२० मेगावॅट क्षमतेचे, राज्यातील मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत चंद्रपूर होते. तेथील आईच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते, ती आपल्याला दिसत नाही. शेजारधर्म फक्त भिंतीला भिंत लागून असलेल्यांशीच पाळायचा असतो का?

हा प्रश्न आटपाडीच्या माणसाला अवघड जाऊ नये. कृष्णेचे पाणी टेंभूजवळ उचलून, टप्प्याटप्प्याने वर चढवून आपल्या दुष्काळी भागात आणले जाते. ते पाणी यावे म्हणून येथल्या लोकांनी वर्षानुवर्षे चळवळ केली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषदा भरल्या आणि समन्यायी वाटपाची मागणी झाली. कालव्याच्या मुखाशी असलेल्याने शेवटच्या शेतकऱ्याचा विचार केलाच पाहिजे, असे आपण ठणकावून सांगितले, कारण तेव्हा टेलला आपण होतो. विजेच्या तारेचा प्रकार उलटा आहे. सोय आपल्या टोकाला आहे आणि राख दुसऱ्याच्या. टेलला असताना जो न्याय आपण मागितला, तोच न्याय सोय आपल्या हातात असताना द्यायला नको का?

याचा अर्थ प्लग-इन गाडी वाईट, असा मुळीच नाही. गर्दीच्या बाजारपेठेत, शाळेच्या दारात गाडी विजेवर चालली तर तेथल्या मुलांच्या छातीत कमी धूर जातो. हा फायदा खराच आहे. शिवाय पेट्रोलची गाडी शेवटपर्यंत पेट्रोलच जाळते. वीज मात्र वर्षागणिक थोडी थोडी स्वच्छ होत आहे, आणि तिच्याबरोबर ती गाडीही. खरा फरक पडतो तो वीज कशी मिळवली यामुळे. आपल्या माणदेशाला पाऊस कमी, पण ऊन भरपूर. छतावरचे एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट वीज देते. छतावर सौर पॅनेल बसवायला २०२४ पासून केंद्राच्या सूर्यघर योजनेत अनुदानही ठेवले आहे. दुपारच्या उन्हावर भरलेल्या त्याच १८ युनिटमागे कोळशाचा एक कणही जळत नाही. मग मात्र पारडे स्पष्टपणे प्लग-इनच्या बाजूला झुकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा संचातील ५ युनिटची बॅटरी जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर नेते. गावातल्या फेऱ्यांना ती पुरते. पण रोज सांगली किंवा पुणे गाठणाऱ्याला ती वाटेतच संपणार आणि उरलेला प्रवास तिचे ओझे वाहत पेट्रोलवरच व्हायचा. ‘आता स्वस्त पडते’ म्हणून जो दुप्पट फिरू लागतो, त्याची बचत तर त्याच्या चाकांखालीच जाते.

तेव्हा बंधुभगिनींनो, नवी गाडी घेताना, जुनीत बदल करताना किंवा घरी साधा पंखा आणताना दुकानदाराला किंमत जरूर विचारा, पण स्वतःलाही विचारा: मला ही वस्तू लागते किती? तिची वीज येणार कुठून? आणि तिची घट सोसणार कोण? बिल आपल्या नावावर येते तेवढाच आपला खर्च, असे समजणारा माणूस काटकसरी असेल, पण प्रामाणिक म्हणता येणार नाही. ज्याची राख दुसऱ्याच्या अंगणात पडत नाही, तीच खरी बचत.