आर्ताची पात्रता

दान देताना पात्र पाहावे, असे शास्त्र सांगते. पण औषधोपचार हे दान आहे काय? सर्वांना शासकीय खर्चाने उपचार मिळावेत की नाही, या वादाचे मूळ या एका प्रश्नात आहे.

पैसा नाही एवढ्याच कारणाने कोणी उपचारावाचून राहू नये, असे भोर समितीने १९४६ सालीच सांगितले. आपल्या महाराष्ट्रात २०१२ साली जीवनदायी योजना निघाली, ती पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेपुरती. पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. आणि २०२३ साली शासनाने ती पांढऱ्या पत्रिकेलाही, म्हणजे सर्वांनाच, खुली करण्याचे ठरविले. मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये.

आता पूर्वपक्ष ऐका. "ज्याने दारू-तंबाखूने आपणच देह नासवला, त्याचा भार कष्टकऱ्याने का वाहावा? आणि बंगलेवाल्याला फुकट कशाला?" प्रश्न खोटा नव्हे. पैसा लोकांचा आहे.

पण लोकांचा आहे, म्हणूनच ते दान नव्हे. साबणाची वडी घेणारा मजूरही कर भरतोच. हा सामाईक रांजण आहे. त्यातले पाणी पिणारा भिकारी ठरत नाही.

दुसरे असे, की चरकाने वैद्याच्या चार वृत्ती सांगितल्या, त्यांत आर्ताविषयी कारुण्य आहे. आर्त म्हणजे पीडित. त्या शब्दात उत्पन्न नाही, चारित्र्यही नाही. बरे, दोष पाहून उपचार द्यायचे, तर निवाडा करणार कोण? रात्री पिकाला पाणी धरताना विजेरी नव्हती आणि साप चावला, तर तो शेतकरी अपात्र काय? दोष उकरीत बसलो तर निर्दोष रोगी सापडणे कठीण. आणि विष निवाड्यासाठी थांबत नाही.

श्रीमंताचे म्हणाल, तर कर घेताना त्याची ऐपत जरूर पाहा. खाटेपाशी पाहू नका. ज्या दवाखान्यात सावकार आणि सालगडी दोघेही जातात, त्याची आबाळ गाव सहसा होऊ देत नाही.

खाटा थोड्या नि रोगी फार, हेही खरे. तेथे क्रम लावावाच लागेल. तो दुखण्याच्या निकडीने लावावा, माणसाच्या योग्यतेने नव्हे. आणि व्यसनाबद्दल उपदेश? तो करावाच, आम्हां कीर्तनकारांचे ते कामच आहे. पण रोगी उठून बसल्यावर.

माउलींनो, दिंडीत भोवळ येऊन पडलेल्याला आपण आधी पाणी पाजतो, गाव मागून विचारतो. शासनानेही तोच क्रम राखावा.

रामकृष्ण हरि!