गादी, बिदागी आणि नम्रता

ख्रिस्ती रॉक बँड या प्रकारात एक अडचण मुळापासूनच आहे. रॉक संगीताची सगळी मांडणी गाणाऱ्याला मोठे करण्यासाठी झालेली असते. उंच मंच, चेहऱ्यावर प्रकाशाचा झोत, समोर अंधारातला जमाव आणि मध्येच गिटारवाल्याची एकट्याची करामत. गाण्याचा आशय मात्र असा, की गाणाऱ्याने लहान व्हावे आणि ज्याचे गाणे गायचे तो मोठा व्हावा. लॅरी नॉर्मन यांची १९६९ सालची ‘अपॉन धिस रॉक’ ही सामान्यतः पहिली ख्रिस्ती रॉक ध्वनिमुद्रिका मानली जाते. ही ओढाताण तेव्हापासूनची आहे. १९८० च्या दशकात स्ट्रायपर हा कॅलिफोर्नियाचा बँड पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे भडक कपडे घालून वाजवी आणि मंचावरून नव्या कराराच्या प्रती लोकांत फेकी. त्या झेलायला पुढे झालेला हात शुभवर्तमानासाठी होता, की स्ट्रायपरच्या हातची वस्तू मिळावी म्हणून, हे झेलणाऱ्यालाही बहुधा सांगता आले नसते.

दौरा ही अडचण वाढवतो. आपल्या मंडळीत गाणाऱ्याला सगळे ओळखतात. तो अमक्याचा धाकटा असतो, तालमीला उशिरा येतो, गेल्या वर्षी कोणाशी भांडला तेही लोकांच्या लक्षात असते. दोनशे किलोमीटरवर गेला की तोच ‘ब्रदर’ होतो आणि त्याच्यासाठी खुर्ची पुसली जाते. तिथल्या लोकांनी त्याला फक्त मंचावर पाहिलेले असते. शिवाय तेच गाणे आणि तीच साक्ष रोज नव्या गावी द्यायची असते. काही दिवसांनी साक्ष घोटीव होते, डोळ्यांत पाणी ठरल्या ओळीला येऊ लागते आणि ते खरे की सवयीचे, हे ज्याचे त्यालाही कळेनासे होते. नम्रता ही मनाची अवस्था आहे असे धरले, तर दौऱ्यावर ती तपासण्याचा मार्गच उरत नाही.

हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती रॉकचा नाही; सोलापूर जिल्ह्याला तो गिटार येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. देवाचे गाणे घेऊन गावोगाव फिरणारी आणि त्यामुळे नावारूपाला येणारी माणसे इथे शेकडो वर्षे येत-जात आहेत. खुद्द सोलापूर शहराने तर राम जोशी दिला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा शाहीर लावणीने गाजला, पंढरपुरात संस्कृत शिकला, कीर्तनकार झाला आणि मोरोपंतांच्या आर्या त्याने कीर्तनांतून लोकांपर्यंत नेल्या. तमाशाचा फड आणि कीर्तनाची गादी या दोन्हींवर तो उभा राहिला. त्याच्या चरित्रात या वाटा पुन्हा पुन्हा एकमेकींत मिसळतात. लोकांना खिळवून ठेवणारे कसब दोन्हीकडे तेच होते. म्हणूनच या परंपरेने कसबाला दोष दिला नाही. त्याच्याभोवती नियम घातले.

त्यांतला पहिला नियम गादीचा. कीर्तनकार जिथे उभा राहतो ती जागा नारदाची गादी मानली जाते. वीस वर्षांचा पोरसवदा कीर्तनकार उभा राहिला तरी सत्तरीचे वारकरी त्याच्या पाया पडतात, आणि तो गादीवरून उतरला की त्यांच्या पाया पडतो. नमस्कार गादीला आहे, माणसाला नाही, हे दोघांनाही माहीत असते. वीणेचेही असेच. नामसप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहारेकरी बदलतात, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देणारा-घेणारा एकमेकांना वाकतात. वाद्य अखंड राहते, वाजवणारा येतो आणि जातो. रॉकच्या मंचावर नेमके उलटे घडते. तिथे गाणे वादकासाठी थांबते.

दुसरा नियम पैशाचा, आणि तो अधिक कडक आहे. तुकाराम महाराजांच्या नावावरचा एक अभंग वारकऱ्यांत या बाबतीत कायद्यासारखा सांगितला जातो. त्याचा मथितार्थ असा, की जिथे कीर्तन करायचे तिथे जेवू नये, कपाळी बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, आणि ज्या तट्टावर किंवा बैलावर बसून आलो त्याच्यासाठी चारा-दाणाही मागू नये. द्रव्य घेणारा आणि देणारा दोघेही नरकाचे धनी. आजच्या कोणत्याही नामांकित बँडची आयोजकांना पाठवलेली मागण्यांची यादी याच्याशेजारी ठेवून पाहावी. जेवण, हार-सत्कार, प्रवासखर्च, मानधन: यादीतली बाबन् बाब त्या अभंगात आधीच खोडलेली आहे. चारा-दाण्याचा उल्लेख विशेष मार्मिक आहे. पैसे नकोत म्हणणारा पाहुणा गाडीच्या डिझेलचा विषय हळूच काढतो, हे सतराव्या शतकातही ठाऊक होते म्हणायचे.

हा नियम सर्रास पाळला जातो असे मुळीच नाही. गाजलेल्या कीर्तनकारांच्या तारखा महिनोन्‌महिने आधी घ्याव्या लागतात आणि बिदागीचे आकडे चर्चेचा विषय होतात. पण नियम डोक्यावर असल्यामुळे ती चर्चा तरी होते. विसाव्या शतकात हा नियम अक्षरशः जगून दाखवला तो गाडगेबाबांनी (१८७६–१९५६). ज्या गावात कीर्तन, तिथे आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे, पाया पडू द्यायचे नाही, भाकर मागून खायची आणि कीर्तन संपले की पुढची वाट धरायची. त्यांच्या कीर्तनाला लोटणारी गर्दी पाहता ते आपल्या काळातले महाराष्ट्रातले सर्वांत मोठे ‘कलाकार’ ठरतात. त्यांच्या प्रयत्नांतून धर्मशाळा, शाळा, सदावर्ते उभी राहिली, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांतलीच; स्वतःजवळ मात्र गाडगे आणि काठी एवढाच संसार राहिला.

मराठी ख्रिस्ती संगीत याच मातीत वाढले. अमेरिकन मराठी मिशनचे काम आधी अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूर असे पसरत गेले. त्या काळात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या मंडळींनी बायबलमधील आख्याने लावून ख्रिस्ती कीर्तन उभे केले. विलायती चालींपेक्षा अभंग आणि पदे खेड्यातल्या माणसाच्या जिभेवर लवकर बसत. त्यानंतर आले नारायण वामन टिळक. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांची भजने आजही मराठी चर्चच्या उपासनेत गायली जातात, आणि अभंगांत त्यांनी स्वतःसाठी मुद्रा घेतली ती ‘दास’. मुद्रा घेणे फुकट असते. टिळकांनी तिची किंमतही मोजली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे पगारी काम सोडले, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला आणि उरलेली दोन वर्षे ख्रिस्ती संन्याशाप्रमाणे काढली. आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती, ती म्हणजे त्यांची पत्नी लक्ष्मीबाई. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना टिळकांचा तापटपणा, विसरभोळेपणा, हाती पडलेला पैसा त्याच दिवशी वाटून टाकण्याची खोड, सगळे हसत-हसत समोर येते. लोक ज्याला महाकवी म्हणत त्याला घरात असे न्याहाळणारे कोणी तरी होते. फिरतीवरच्या प्रत्येक बँडला एक लक्ष्मीबाई लाभतेच असे नाही.

ख्रिस्ती बँड म्हणून पाहिले तर महाराष्ट्रातला पहिला ठळक प्रसंग मुंबईचा आहे. १९ सप्टेंबर १८८२ रोजी मुक्तिफौजेची चौघांची तुकडी बोटीने मुंबईत उतरली. नेता फ्रेडरिक टकर आधी सरकारी नोकरीतला बडा अधिकारी होता. वाजतगाजत मिरवणूक काढल्याबद्दल पोलिसांनी या मंडळींना पकडले आणि एरवी कोणी फारसे न विचारले असते ते नाव वर्तमानपत्रांत पोहोचले. टकरने पुढे ‘फकीरसिंग’ हे नाव घेतले, साहेबी पोशाख टाकला, अनवाणी फिरू लागला आणि भिक्षेवर जेवू लागला. हा वेष म्हणजे देखावा होता अशी शंका घेता येते, आणि ती अगदीच अस्थानी नाही. पण मुक्तिफौजेचा एक नियम मात्र शंकेला जागा देत नाही. बँडमध्ये वाजवणाऱ्याला त्याचे पैसे मिळायचे नाहीत आणि कर्णा, ढोल, झांजा ही वाद्ये संस्थेच्या मालकीची. वाजवणारा निघून गेला तर कर्णा जागेवरच राहतो. सप्ताहातली वीणा आणि लंडनहून आलेला हा कर्णा यांची ओळख कोणी करून दिली नव्हती. तरी दोघांनी उत्तर एकच शोधले.

अमेरिकेत ख्रिस्ती रॉक आणि पॉपचा मोठा व्यवसाय झाल्यावर तिथल्या काहींनाही अशीच बंधने घालून घ्यावी लागली. १९८० मध्ये कीथ ग्रीन यांनी आपली नवी ध्वनिमुद्रिका ज्याला जेवढे परवडेल तेवढ्यात, आणि न परवडणाऱ्याला फुकट देऊन टाकली. बाजाराला ते बिलकूल आवडले नाही. दोनच वर्षांनी, १९८२ मध्ये, ते विमान अपघातात गेले. रिच मलिन्स यांची रीत अधिक विचारपूर्वक होती. त्यांची मिळकत चर्चच्या वडीलमंडळींच्या हाती जाई. ते मलिन्स यांना देशातल्या सामान्य कामगाराच्या सरासरी पगाराएवढी रक्कम देत आणि बाकीची दानधर्माला लावत. एकूण किती मिळाले हे आपल्याला सांगू नये, असेही त्यांनी बजावून ठेवले होते. १९९७ मध्ये वारले तेव्हा ते नावाजलेले गायक होते आणि अखेरची वर्षे न्यू मेक्सिकोतल्या नावाहो आदिवासींच्या वस्तीत मुलांना संगीत शिकवत राहत होते. कास्टिंग क्राउन्स या बँडने पैशाऐवजी दिवसांना कुंपण घातले. दौरा गुरुवार ते शनिवार. रविवार ते बुधवार आपापल्या चर्चमधले काम, त्यात तरुणांचे वर्ग घेणे आणि मुलांच्या तक्रारी ऐकणे आलेच. शनिवारी हजारोंसमोर गायलेला माणूस रविवारी सकाळी खुर्च्या मांडतो, तेव्हा त्याला नम्रतेवर प्रवचनाची गरज कमी पडते.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. कोणीही आपल्या मनावर भरवसा ठेवला नाही. गादी नारदाची, वाद्य संस्थेचे, हिशेब वडीलमंडळींकडे, आठवड्याचा अर्धा भाग गावाचा. मनात गर्व शिरला तरी त्याला धरायला हाताशी काही राहू नये, एवढीच ही तजवीज. उलट, माइकवरून ‘सगळे श्रेय प्रभूला’ असे म्हणण्याला काहीच लागत नाही. ते वाक्य टाळ्यांच्या अचूक क्षणी आले की स्वतःच टाळी घेते.

नम्रतेचा एक खोटा अवतार याहून जास्त त्रासदायक आहे, तो म्हणजे कच्चेपणाला दिलेली सूट. गिटार सुरात लावलेली नाही, ढोलवाला लय ढळवतो, शब्द पाठ नाहीत, आणि वर ‘आम्ही काही कलाकार नाही, सेवक आहोत’ अशी सारवासारव. वारकऱ्यांनी ही पळवाट बंद केली आहे. जोग महाराजांनी १९१७ मध्येच आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, ती कीर्तनकाराला गीता, ज्ञानेश्वरी, गाथा, चाली आणि पाठांतर शिकायला वर्षानुवर्षे बसवते. तिथला विद्यार्थी माधुकरी मागून जेवत आला आहे. शिक्षण कसून आणि जेवण मागून, ही जोडी फार विचाराने लावलेली दिसते. ऐकणाऱ्याचा वेळ वाया घालवणे हाही उद्धटपणाच आहे.

सोलापुरात या विषयाची आणखी एक खूण सिद्धेश्वर तलावाच्या रूपाने शहराच्या मध्यभागी पसरलेली आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव खोदला, अडुसष्ट लिंगे स्थापिली, गाव घडवले. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात असे येते, की संत अल्लमप्रभू इथे आले आणि एवढ्या मोठ्या लोकसेवकाला त्यांनी त्याच्याच माणसांदेखत बेलदाराच्या नावाने हिणवले. सिद्धराम आधी खवळले, मग नमले आणि त्यांच्याबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला गेले. सेवेचाही गर्व होतो, आणि तो दाखवून द्यायला बाहेरचा, न घाबरणारा माणूस लागतो, हे या कथेने नोंदवून ठेवले आहे. ख्रिस्ती बँडमध्ये ही जागा पाळकाची. प्रत्यक्षात बँड जसजसा गाजतो तसतसा पाळकच त्याला बोलायला कचरतो, कारण तरुण मुले बँडसाठी येतात.

आज मराठी चर्चमध्ये बाजाच्या पेटीशेजारी कीबोर्ड, गिटार आणि ड्रमसेट नवे राहिलेले नाहीत. सोलापूरसारख्या शहरात, जिथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येते, तिथे गाणाऱ्या गटाला दोन-तीन भाषांत गाता आले तर पुणे, हैदराबाद आणि विजयपूर या तिन्ही वाटा मोकळ्या होतात. संजीवन सभा, युवक शिबिरे, नाताळचे कार्यक्रम अशी आमंत्रणे येत राहतात, आणि चौकातल्या डिजिटल फलकावर वचन बारीक अक्षरात आणि गायकाचा चेहरा हातभर छापलेला असतो. तो फलक सहसा बँडने लावलेला नसतो, बोलावणाऱ्यांनी लावलेला असतो. गर्वाचे अर्धे भांडवल यजमान पुरवतात, ही बाब नम्रतेवरच्या प्रवचनांत फारशी येत नाही.

त्यामुळे सुरुवात बोलावणाऱ्या मंडळींकडून व्हायला हवी. बँडला किती प्रवासखर्च आणि किती मानधन द्यायचे ते सभेच्या आधी कागदावर ठरवावे, सभेतले अर्पण स्थानिक पंचांनी मोजावे आणि ते मोजताना बँडचा कोणी तिथे नसावा. फलकावर चेहरा छापू नये. आणि सभा संपल्यावर तारा गुंडाळायला, सतरंज्या उचलायला मुख्य गायकालाही हाक मारावी; तो आला नाही, तर पुढच्या वर्षी दुसरा बँड बोलवावा.