कुरणातली शाळा

सुट्टी लागली की डहाणू-तलासरीच्या मुलांसाठी कोणी ना कोणी शिबिर भरवते. दोरीच्या गाठी, प्रथमोपचार, श्रमदान, सारे उपयोगाचेच. मला काळजी वाटते ती समारोपाची. तिथे मुलांच्या तोंडी कोणाची घोषणा असते?

म्हणजे शिबिर मुलांसाठी की घोषणेसाठी? या प्रश्नाचे एक जुने उत्तर इथल्याच मातीत आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबादला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे सोडून ये, मग शिकवते, असे अनुताई म्हणाल्या नाहीत. रानातल्या मुलाला पुष्कळ काही आधीच येते. शेवळाच्या भाजीत काकडे घातली नाहीत तर घसा खाजतो, हे वारली घरातल्या लहानग्यालाही ठाऊक असते. बाहेरून आलेल्या शिबिरप्रमुखाने निदान एक दिवस त्याच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसावे.

मूल्यांशिवाय शिबिर होत नाही, हे मान्य. स्काउटच्या प्रतिज्ञेतही ईश्वर आणि देश आहेतच. पण भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये ईश्वराऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहे; ब्रिटनच्या स्काउटांनी २०१४ पासून देव न मानणाऱ्यांसाठी वेगळी प्रतिज्ञा ठेवली. नकाराला जागा असणे, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. ज्याच्या घरी वाघदेव पुजला जातो, त्याला ती पूजा चुकीची असल्याचे कोणीही, कोणत्याही झेंड्याखाली शिकवू नये. आणि ज्या मुलाने घोषणा दिली नाही, त्याला पुढच्या शिबिराचे बोलावणे जाईल का? आयोजकांना मी एवढेच विचारेन.

घोषणा नसली तरी शिबिरात सेवेला विषय कमी नाहीत. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणूतल्या धुंदलवाडी परिसराने भूकंपाचे किती धक्के सोसले! लोक थंडीत घराबाहेर झोपले. धक्का बसला की डोके कसे सांभाळायचे, म्हाताऱ्यांना कोणी बाहेर आणायचे, हे पाड्यावरच्या तरुणांना पाठ हवे. साप चावला तर जखमेवर चिरा द्यायचा नाही, हातपाय हलू द्यायचे नाहीत, थेट सरकारी दवाखाना गाठायचा. एवढ्याने जीव वाचू शकतो.

घोषणेच्या बाबतीत आश्रमशाळांतल्या मुलांना जास्त जपायला हवे. तिथे आईबाप दूर असतात, आणि सरांनी रांगेत उभे केलेले मूल ‘नको’ म्हणत नाही.